डल्सिमरवर कॉर्ड शिकताय? या चुका टाळा

संतूर ऐकत वाढलेल्या माणसाला हॅमर्ड डल्सिमर (छोट्या हातोड्यांनी वाजवायचं तारवाद्य) लगेच ओळखीचा वाटतो, आणि पहिली चूक तिथेच होते. संतूर रागानुसार लावतात. डल्सिमरची मांडणी ठरलेली असते आणि कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, तिच्यातूनच निघतात. ती समजून न घेता कॉर्डची नावं पाठ करत बसू नका.

१२/११च्या (मधल्या घोडीवर १२, उजवीकडच्या घोडीवर ११ तारा असलेल्या) नेहमीच्या वाद्यावर मधली घोडी, म्हणजे तारांखालची उभी पट्टी, तारेचे ३:२ असे भाग करते. त्यामुळे उजवीकडे जो सूर, त्याचा पंचम त्याच तारेवर डावीकडे. खूण केलेल्या तारेला सा माना: उजवीकडे चार तारांवर सा रे ग म, त्याच चार तारांवर डावीकडे प ध नी सां. उजवीकडे पहिली, तिसरी, पाचवी तार म्हणजे सा-ग-प. घोडी ओलांडून त्याच तीन तारा वाजवा, प-नी-रें मिळेल. पुढच्या खुणेपासून, म्हणजे चौथ्या तारेपासून, तोच आकार घेतला की म-ध-सां. एका आकारात तीन मुख्य कॉर्ड! मला हे वाद्य आवडतं ते यासाठीच.

पण हा आकार सगळीकडे चालत नाही. दुसऱ्या तारेपासून रे-म-ध हा सुंदर मायनर (उदास भावाचा कॉर्ड) येतो. तिसऱ्यापासून मात्र ग-प नंतर कोमल नी लागतो आणि कॉर्ड बिघडतो. वाद्य बेसूर झालंय असं समजून किल्ली हातात घेऊ नका. शुद्ध नी घोडीच्या डावीकडे, त्याच तिसऱ्या तारेवर आहे.

सा-ग-प-सां सुटे वाजवताना हात अडकतात? वरचे प आणि सां डावीकडे घेत असाल, तर हात आलटून-पालटून वापरत सा डाव्या हाताने सुरू करा. मग प डाव्याच हाताला येतो, हात एकमेकांवर चढत नाहीत.

आवाजाचा गोंधळ होत असेल तर सूर कमी करा. साध्या डल्सिमरला डँपर (तारांचा आवाज थांबवणारी सोय) नसतो, मागचा कॉर्ड घुमतच राहतो. कॉर्ड बदलताना दोनच सूर पुरतात, किंवा तळहाताची कड तारांवर हलकेच टेकवा.

एवढं करूनही उजवी बाजू सुरात आणि डावी सगळीच चढी लागत असेल, तर घोडी डावीकडे सरकलेली असते. ती किंचित उजवीकडे घ्यावी लागते आणि मग सगळ्या तारा पुन्हा लावाव्या लागतात. पहिल्यांदा हे जाणकाराकडूनच करून घ्या.