ट्रॅकवरून तापून आलेली टर्बो गाडी थंड कशी करायची: पिटमध्ये काम शिकायला येणाऱ्या नवीन पोरांसाठी

इंजिनिअरिंगची बरीच पोरं विचारतात की ट्रॅक डे (रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी जोरात चालवायचा दिवस) किंवा क्लब रेसिंगमध्ये टेक्निकल बाजूला काम करायचंय, आधी काय शिकू. सगळ्यांना इंजिन ट्यूनिंग, रीमॅप, डेटा लॉगिंग हेच डोळ्यासमोर असतं. मी मात्र आधी एकच गोष्ट शिकायला सांगतो, ती म्हणजे तापलेली गाडी सांभाळणं. सेशन, म्हणजे ट्रॅकवर चालवायची एक पाळी, संपल्यापासून इंजिन बंद करून पुढची पंधरा-वीस मिनिटं गाडीत नक्की काय चाललंय हे ज्याला कळतं, त्याला कुठलीही टीम हाताशी ठेवते, कारण महागाची मोडतोड बऱ्याचदा ह्याच वेळात सुरू होते आणि कळते मात्र दोन-तीन महिन्यांनी.

मी स्वतः ह्यात कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः रेसची गाडी बांधायची स्पर्धा) टीममधून आलो. फॉर्म्युला भारत ही तशीच स्पर्धा कोईम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला होते, तिथे जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या टीम्स भरपूर असतात, पुणे, मुंबई, कोल्हापूर, नाशिक, सगळीकडच्या. त्या गाड्यांत बहुतेक मोटारसायकलचं सिंगल सिलिंडर इंजिन असतं, टर्बो क्वचितच. नंतर ट्रॅक डेला लोकांच्या रस्त्यावरच्या टर्बो पेट्रोल गाड्या हाताखाली यायला लागल्या, पोलो जीटी टीएसआय, व्हर्टस, ऑक्टाव्हिया, तेव्हा उष्णतेचा खरा अभ्यास सुरू झाला.

आधी टर्बोचं समजून घ्या, टर्बो म्हणजे एक्झॉस्ट गॅसच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंप. फुल थ्रॉटलवर पेट्रोल टर्बो इंजिनाचा एक्झॉस्ट गॅस ९०० अंश सेल्सिअसच्या वर जातो, काही इंजिनांत हजाराच्या आसपास. ह्या गॅसवर टर्बाइन फिरतं, आणि छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे सहज मारतो. त्या शाफ्टला आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचा, शाफ्ट त्यावर अक्षरशः तरंगत असतो. ऑइल दोन कामं करतं, वंगणाचं आणि उष्णता ओढून न्यायचं. आता ड्रायव्हर फास्ट लॅप मारून थेट पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या उभ्या करायच्या जागेत, आला आणि पटकन इंजिन बंद केलं तर काय होतं बघा. ऑइल पंप थांबला, शाफ्ट काही सेकंदात थांबला, पण टर्बाइनचं लोखंडी घर अजून लालबुंद तापलेलं आहे आणि त्याची उष्णता आता मधल्या बेअरिंगच्या भागात सरकायला लागते, कारण ती घेऊन जाणारं वाहतं ऑइल तिथे राहिलेलंच नाही. म्हणून बेअरिंगचं तापमान इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं उलट वाढत जातं. ह्याला हीट सोक म्हणतात. तिथे अडकलेलं ऑइल भाजून त्याचा काळा कडक कार्बन होतो, तो ऑइलच्या बारीक वाटा हळूहळू बुजवतो आणि एक दिवस टर्बो शिट्टी मारायला किंवा धूर सोडायला लागतो.

आता लगेच कोणीतरी म्हणेल की आजकालच्या टर्बोला वॉटर कूलिंग असतं. असतं, बरोबर आहे, आणि बऱ्याच टीएसआय (फोक्सवॅगन-स्कोडाच्या टर्बो पेट्रोल) इंजिनांत गाडी बंद केल्यावरही एक छोटा इलेक्ट्रिक पंप कूलंट फिरवत राहतो, पंखाही चालू राहतो, चावी काढल्यावर बॉनेटखालून घुंईऽऽ आवाज येतो तो तोच. रोजच्या वापराला हे पुरेसं आहे, ऑफिसमधून घरी आल्यावर दोन मिनिटं गाडी चालू ठेवून बसायची काही गरज नाही. पण वीस मिनिटं सलग रेडलाइनपर्यंत खेचलेली गाडी ही वेगळी केस आहे, आणि कूलंट फिरला तरी टर्बोतलं ऑइल उभंच असतं हे विसरू नका.

मग उपाय काय, तर थंड करायचं काम ट्रॅकवरच करायचं. पॅडॉकमध्ये येऊन आयडलवर पाच मिनिटं घुर्र घुर्र करत उभं राहणं हे लोकांना फार आवडतं, जुन्या जपानी गाड्यांच्या टर्बो टायमरच्या (चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारं यंत्र) काळापासून ती सवय आलीय, पण उभ्या गाडीत वारा नाही, रेडिएटरला नुसता पंखा, इंटरकूलरला (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी) बऱ्याचदा तोही नाही, ब्रेकला तर काहीच नाही. आयडलला ऑइलचं प्रेशरही कमीच असतं. त्याउलट चेकर्ड फ्लॅगनंतरचा एक पूर्ण लॅप आरामात चालवला तर समोरून येणारा वारा टर्बो, ब्रेक, रेडिएटर, गिअरबॉक्स, टायर सगळ्यांना एकदम थंड करतो. माझ्या मते कूलडाउन लॅप हा सेशनचाच भाग आहे आणि ड्रायव्हरला हे गाडीत बसायच्या आधी सांगायचं, नंतर नाही, कारण शेवटच्या लॅपला त्याचं रक्त उसळलेलं असतं, तो काही ऐकत नाही.

तो लॅप चालवायचा कसा हेही शिकवावं लागतं. वरचा गिअर, साधारण २००० ते ३००० आरपीएम, थ्रॉटल अगदी हलका, बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, तयारच व्हायला नको. पण टॉप गिअरमध्ये १२००-१३०० आरपीएमवर गाडी गुदमरवत रेटायची पण नाही, कमी आरपीएम आणि जास्त लोड हे डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनाला अजिबात मानवत नाही, त्यात वेळेआधी पेट घेऊन पिस्टनला इजा होऊ शकते. ब्रेक जवळजवळ वापरायचे नाहीत, वळणाच्या खूप आधी थ्रॉटल सोडून द्यायचा. रेसिंग लाइन मागून जोरात येणाऱ्यांसाठी मोकळी ठेवायची, आरशात बघत राहायचं, इंडिकेटर किंवा हात, आयोजकांनी ब्रीफिंगला जे सांगितलं असेल ते करायचं. कूलंटचा काटा वर चढलेला असेल तर एसी बंद आणि केबिनचा हीटर फुल, ब्लोअर फुल. चेन्नईच्या उन्हात हे सांगितलं की ड्रायव्हर आपल्याकडे संशयाने बघतो, पण हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच आहे, काटा खाली येताना दिसतो.

ट्रॅकप्रमाणे हिशोब बदलतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटचा एक लॅप ५ किलोमीटरच्या वर आहे, एका शांत लॅपमध्ये गाडी बऱ्यापैकी निवते, पण तिथली लांब सरळ साधारण एक किलोमीटरची आहे आणि तिच्या शेवटी जड गाडीचे ब्रेक जबरदस्त तापतात. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, वेगवान वळणांचा, हवेत दमट उष्मा, तिथे ऑइलचं तापमान लवकर चढतं. करी साधारण २.१ किलोमीटरच, तिथे एक कूलडाउन लॅप पुरत नाही, आयोजक परवानगी देत असतील तर दोन मारायला सांगतो, नाही तर ड्रायव्हरला शेवटचा फास्ट लॅप सोडून एक लॅप आधीच ढिलं पडायला सांगतो.

आकडे बघायची सवय लावून घ्या. डॅशबोर्डवरचा कूलंटचा काटा बऱ्याच गाड्यांत मुद्दाम मधोमध बसवून ठेवलेला असतो, ९० झालं काय आणि १०५ झालं काय, तो हलत नाही. ओबीडीला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) लावायचा छोटा स्कॅनर घ्या आणि ऑइल टेंपरेचर बघा. रस्त्यावर ९० ते १०५ दिसतं, ट्रॅकवर १२० पर्यंत मी शांत असतो, १३० च्या पुढे ड्रायव्हरला सेशन संपायची वाट न बघता ढिलं पडायला सांगतो. गाडी पॅडॉककडे वळताना ऑइल ११० च्या खाली आलेलं असलं की जागेवर उभी करून अर्धा-एक मिनिट आयडल आणि मग बंद. लॅप नीट झालेला असेल तर त्याहून जास्त आयडलिंग मी करू देत नाही. लाल झेंड्यामुळे सेशन मधेच थांबलं आणि सगळे थेट पिटमध्ये आले तर मात्र दुसरा मार्ग नसतो, मग बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, समोर मोठा पंखा लावून तीन-चार मिनिटं उभं राहायचं.

ब्रेकबद्दल जरा जास्त बोलतो, कारण टर्बोच्या नादात लोक हे विसरतात आणि जीवाला धोका इथे आहे. जोरात चालवल्यावर डिस्क ५००-६०० अंशांपर्यंत जाऊ शकते. गाडी उभी राहिली की ती उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये (पॅड दाबणारा भाग) आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. डॉट ४ ऑइल नवीन असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ते हवेतली ओल शोषत राहतं आणि ठराविक प्रमाणात पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. म्हणून ट्रॅकवर ब्रेक चांगले लागत होते आणि पॅडॉकमध्ये दहा मिनिटांनी पेडल स्पंजसारखं आत गेलं असं होतं, कारण ऑइल उभ्या गाडीत उकळलं. पुढच्या सेशनला सोडायच्या आधी प्रत्येक गाडीचं पेडल पायाने दाबून बघा, हे काम दुसऱ्यावर सोपवू नका. आणि ट्रॅकला यायच्या आधी ताजं ब्रेक ऑइल भरलंय का हे मालकाला विचारा, रस्त्यावर दोन वर्षं जुनं चालून जातं, इथे नाही.

हँडब्रेक ओढायचा नाही. पॅडॉकमध्ये पोचल्यावर ब्रेक पेडल दाबून धरूनही बसायचं नाही. तापलेला पॅड एका जागी डिस्कला चिकटून राहिला की त्याचा थर तिथेच बसतो आणि नंतर ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं, लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली, बऱ्याचदा डिस्क सरळच असते, तो असमान थर असतो. गाडी गिअरमध्ये किंवा पी मध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा, दहा मिनिटांनी गाडी हातभर पुढे ढकलली तर अजून बरं. डिस्कवर पाणी मारायचं नाही, कितीही मोह झाला तरी, तापलेल्या बिडाला तडे जातात.

डीएसजीवाल्या, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाल्या, गाड्यांत अजून एक. व्हर्टस जीटीसारख्या गाड्यांत सात स्पीडचा ड्राय क्लच डीएसजी आहे, पिट लेनच्या रांगेत इंच-इंच सरकत राहिलं तर क्लच घासत राहतो आणि त्याला थंड करायला ऑइलही नसतं. रांग असेल तर थांबा, पुढे मोकळी जागा होऊ द्या आणि एकदमच जा.

गाडी कुठे उभी करताय ते खाली वाकून बघा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा डबा) गाडीच्या पोटाखाली भयंकर तापलेला असतो आणि पॅडॉकच्या कडेला वाळलं गवत असतं, आग लागायला तेवढं पुरतं. काँक्रीटवरच लावा, फायर एक्स्टिंग्विशर कुठे आहे ते सकाळीच बघून ठेवा. बॉनेट उघडताना हातमोजे घाला, कूलंटचं झाकण तर गाडी पूर्ण निवेपर्यंत उघडायचंच नाही, आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर असूनही उकळत नसतं, झाकण सैल केलं की तोंडावर उसळतं.

तापमान मोजायची इन्फ्रारेड गन स्वस्तात मिळते, जरूर घ्या, फक्त चकचकीत धातूवर ती खोटं कमी तापमान दाखवते हे लक्षात असू द्या, पॅड किंवा काळ्या पृष्ठभागावर धरा. डिस्क किती तापली हे खात्रीने कळायला डिस्कच्या कडेला लावायचे थर्मल पेंट येतात, हिरवा साधारण ४३० अंशांना रंग बदलतो, केशरी ५६० ला, लाल ६१० ला. सेशननंतर रंग बघितला की मालकाला वेगळे पॅड हवेत की नकोत ह्यावर वाद घालावा लागत नाही.

गाडी पूर्ण निवली, म्हणजे हात लावता येईल इतकी, तासाभराने, मग राहिलेली कामं. सपाट जागी ऑइलची लेव्हल बघा, ट्रॅकवर टर्बो इंजिन थोडं ऑइल खातं. कूलंटची पातळी बघा. चाकाचे बोल्ट थंड असताना टॉर्क रेंचने तपासा, पोलो-व्हर्टसला १२० न्यूटन मीटर. आणि दिवसभरात गरम टायरमधली हवा तुम्ही कमी केली असेल, तर संध्याकाळी टायर निवल्यावर प्रेशर खूपच खाली दिसेल, ते कंपनीच्या आकड्यापर्यंत भरल्याशिवाय कोणालाही हायवेला सोडू नका, पुण्या-मुंबईचे लोक रात्री थेट परतीला निघतात आणि पुढे शेकडो किलोमीटर असतात.