सांतांदेर समजून घ्यायचाय? मग सुरुवात बोलिव्हारपासून करू नका

दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याबद्दल वाचायला घेतलं की बहुतेक जण स्पेनविरुद्धच्या त्या लढ्याचा मुख्य नेता सिमोन बोलिव्हार याच्यापासून सुरू करतात आणि मग फ्रान्सिस्को दे पाउला सांतांदेर भेटतो तो मित्राला दगा देणारा वकिली डोक्याचा माणूस म्हणून. कोलंबियातल्या त्याच्या चाहत्यांचं वाचलं तर एकदम कायद्याचा देवमाणूस. दोन्हीकडून खरा माणूस निसटतो. म्हणून ही पद्धत वापरून बघा, जे वर्ष वाचताय त्या वर्षी सत्ता कोणाकडे होती आणि कुठल्या कागदाच्या जोरावर होती एवढं प्रत्येक वेळी विचारत जायचं.

आधी नकाशा समोर ठेवा. १८२१ ला कुकुता गावी भरलेल्या काँग्रेसने, म्हणजे लोकप्रतिनिधींच्या सभेने, ज्या कोलंबियाची राज्यघटना केली तो आजच्यापेक्षा बराच मोठा होता, व्हेनेझुएला त्यात होता, पनामा आणि इक्वाडोरही लवकरच आले. इतिहासकार त्याला ग्रान कोलंबिया म्हणतात. १८३० मध्ये तो फुटला आणि मधल्या भागाचा नुएव्हा ग्रानादा झाला. सांतांदेर पहिल्या देशाचा उपाध्यक्ष आणि दुसऱ्याचा अध्यक्ष होता, हे पक्कं नसेल तर पुढे सगळा गोंधळ होतो.

मग एका कागदावर दोन रकाने पाडा, एकात सांतांदेर कुठे होता आणि दुसऱ्यात बोलिव्हार कुठे होता. जन्म २ एप्रिल १७९२, कुकुताजवळच्या व्हिया देल रोसारियोत, पुढे बोगोतात कायद्याचं शिक्षण, १८१० ला लढ्यात उडी. ७ ऑगस्ट १८१९ ला स्पॅनिश सैन्याला हरवणारी बोयाकाची लढाई, तिथपर्यंत दोघे एकत्र दिसतात. त्यानंतर रकाने लांब लांब जायला लागतात, कारण बोलिव्हार १८२१ च्या शेवटी दक्षिणेला निघतो तो पेरू, बोलिव्हिया करून १८२६ च्या नोव्हेंबरातच बोगोताला परत येतो, आणि एवढी वर्षं नावाला अध्यक्ष तो असला तरी देश चालवतोय सांतांदेर.

माझ्या मते हीच वर्षं सगळ्यात सावकाश वाचायची. सांतांदेरच्या वाट्याला लढाया नाहीत म्हणून लोक ती उडवून लावतात, पण रिकाम्या तिजोरीवर सरकार उभं करणं, शाळा काढणं, १८२२ ला अमेरिकेची मान्यता मिळवणं हे सगळं इथेच आहे. १८२४ चं लंडनचं कर्जही इथेच, ४७ लाख ५० हजार पौंडांचं, ज्याच्या वापरावरून सांतांदेरवर आयुष्यभर आरोप होत राहिले. तिकडून बोलिव्हार सैनिक पाठव, पैसे पाठव म्हणून पत्रं लिहितोय आणि इकडून उत्तर जातंय की काँग्रेसच्या परवानगीशिवाय जमणार नाही. १८२४ मध्ये काँग्रेसने बोलिव्हारचे खास अधिकारच काढून घेतले आणि त्याचा राग सांतांदेरवर निघाला. दोघांची पत्रं तारखेनुसार लावून वाचा, मैत्री एका दिवसात तुटलेली नाही हे आपोआप कळतं. १८२७ च्या मार्चमध्ये बोलिव्हारने मैत्रीचा पत्रव्यवहारच बंद केला.

भांडणाचं मूळ शोधायचं तर कुकुताच्या घटनेतलं बदलाबद्दलचं कलम काढून वाचा. दहा किंवा जास्त वर्षं अनुभव घेतल्याशिवाय घटना नव्याने तपासायला बसू नये असा त्याचा अर्थ होता. बोलिव्हारने बोलिव्हियासाठी लिहिलेल्या घटनेत अध्यक्ष तहहयात होता आणि तसंच काहीतरी कोलंबियातही यावं असं त्याच्या लोकांना वाटत होतं. १८२८ ला घटना बदलण्यासाठी ओकान्या गावी अधिवेशन भरलं, सांतांदेर तिथे प्रतिनिधी होता, बोलिव्हारचे समर्थक उठून गेले, कोरम मोडला, आणि ऑगस्टमध्ये बोलिव्हारने हुकूमशाहीचे अधिकार हातात घेऊन उपाध्यक्षपदच रद्द केलं.

आता २५ सप्टेंबर १८२८ ची रात्र. बोगोतात बोलिव्हारवर खुनी हल्ला झाला, त्याची जोडीदार मानुएला साएन्स हिच्यामुळे तो वाचला. इथे घाईने निकाल देऊ नका. सांतांदेरला कटाची कुणकुण होती असं मानायला जागा आहे, पण खुनाच्या योजनेत तो स्वतः होता हे पुराव्याने ठरलेलं नाही. त्याला मृत्युदंड सुनावला गेला आणि नंतर तो हद्दपारीवर आला. शेजारीच आद्मिरल पादियाची नोंद करा. माराकाइबोची आरमारी लढाई जिंकणारा हा माणूस त्या रात्री तुरुंगात होता, तरी कटात सामील ठरवून त्याला मारलं. मला हा अन्याय वाटतो, आणि त्या खटल्यांवर किती विश्वास ठेवायचा हे ठरवताना तो विसरता येत नाही.

पण सांतांदेरलाही तसंच तपासायचं, सूट द्यायची नाही. बोयाकानंतर बोलिव्हार बोगोता सोडून गेल्यावर ११ ऑक्टोबर १८१९ ला त्याने लढाईत कैद झालेल्या स्पॅनिश सेनापती बारेइरोसकट तीसहून जास्त अधिकाऱ्यांना भर चौकात गोळ्या घातल्या. कारणं देणारे देतात की कैद्यांना राखायला शिपाई कमी होते, पण कायद्याचा माणूस म्हणून ज्याला ओळखतात त्याच्या खात्यात हे आहे आणि ते पहिल्या पानावरच लिहून ठेवायला हवं. अध्यक्ष असताना १८३३ च्या, त्याचं सरकार उलथवण्याच्या जनरल सार्दाच्या कटानंतरही १७ जणांना मृत्युदंड झाला, तेव्हा दयेचे अर्ज आले तेही बघा.

हद्दपारीतली युरोपची वर्षं, १८३० मध्ये सांता मार्ताला बोलिव्हारचा मृत्यू, १८३२ ला परत येऊन नुएव्हा ग्रानादाचं अध्यक्षपद, हे पटापट वाचलं तरी चालेल. १८३७ वर मात्र थांबा. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सांतांदेरला जनरल ओबांदो निवडून यायला हवा होता, जिंकला मार्केस, जो त्याला नको होता. सैन्यात वजन असलेला जनरल सांतांदेर काय करतो? सत्ता सोपवतो आणि काँग्रेसमध्ये निवडून जाऊन विरोधात बसतो, ६ मे १८४० ला मरेपर्यंत. त्या काळच्या अमेरिका खंडात हे किती दुर्मिळ होतं ते शेजारच्या देशांशी ताडून बघा, मला सांतांदेर सगळ्यात जास्त इथेच आवडतो.

मूळ कागद स्पॅनिशमध्ये आहेत. बोगोताच्या लुईस आंखेल आरांगो लायब्ररीच्या डिजिटल संग्रहात बरंच मिळतं, मशीनने भाषांतर करून कामापुरतं कळतं, फक्त प्रत्येक पत्राची तारीख आणि गाव आधी आपल्या रकान्यात टाका आणि मगच मजकूर वाचा.