रॅलीच्या मैदानात साइड स्टँड रुतू नये म्हणून

गोव्यात वागातोरला नोव्हेंबरात भरणाऱ्या रॉयल एनफिल्डच्या मोटोव्हर्ससारख्या मोठ्या बाइक रॅलीला पहिल्यांदा जाताय? टँक बॅगेत (पेट्रोलच्या टाकीवर लावायची बॅग) प्लायचा एक तुकडा नक्की टाका. मैदानावरच्या पार्किंगमध्ये माती भुसभुशीत असेल तर साइड स्टँड हळूहळू रुततो. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० बाइकचं वजन १९५ किलो, वर सामान. गाडी तासाभराने कलंडते आणि खेटून लावलेल्या शेजारच्या दोन-तीन गाड्यांनाही घेऊन पडते.

१. १२ मिमी जाडीच्या प्लायचा १० बाय १० सेंमीचा तुकडा कापा. कोपऱ्यात भोक पाडून मीटरभर लाल नाडी बांधा.
२. स्टँड खाली उघडा, पायाने तुकडा बरोबर त्याच्या खाली सरकवा, मग गाडीचा भार टाका.
३. नाडीचं दुसरं टोक डाव्या हँडल ग्रिपला अडकवा. निघताना गाडी सरळ करून नाडी ओढली की तुकडा हातात, वाकायला नको.

उतारावर पुढचं चाक चढाकडे ठेवा आणि पहिला गिअर टाका. तोंड उताराकडे असेल तर गाडी पुढे सरकून स्टँड मिटतो. प्लाय विसरलात तर कोल्ड्रिंकचा कॅन चपटा करून घाला, एका दिवसापुरतं भागतं.

जाड फळी मात्र वापरू नका. गाडी जास्त सरळ उभी राहते, मग डावीकडून कुणाचा हलका धक्काही तिला उजवीकडे पाडायला पुरतो.