बिल्टीवर सही करण्याआधी
चाकणला एकदा माझ्या ट्रकमध्ये भरलेल्या २४० खोक्यांच्या बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, मी न मोजता सही केली. नागपुरात २३७ उतरली. तीन खोक्यांचे पैसे माझ्या भाड्यातून कापले गेले. तेव्हापासून हमाल माल भरतात तेव्हा मी ट्रकच्या मागच्या फाळक्याजवळ उभा राहून नग मोजतो. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार बिल्टीवरचे नग, वजन हा सकृतदर्शनी पुरावा असतो, म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत तो खरा धरतात.

मोजू दिलं नाही, तर सहीशेजारी लिहा: 'माल कंपनीने भरला, नग मोजले नाहीत.' मराठीत लिहिलं तरी चालतं, पण सगळ्या प्रतींवर लिहा. ओलं, फाटलेलं खोकंही तिथेच नोंदवा, फोटो काढा. सीलबंद कंटेनर असेल तर सीलचा नंबर ताडून पाहा.

वजनकाट्याची पावती मागाच. जादा वजनाला कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००.