रेसचे जुने डिस्क ब्रेक रोजच्या गाडीला बसवताना

माझी गाडी 1931 ची फोर्ड मॉडेल ए रोडस्टर, आत फ्लॅटहेड व्ही-8 (फोर्डचं जुनं आठ सिलिंडरचं इंजिन). मी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतो. ही गाडी ट्रेलरवरून प्रदर्शनाला जात नाही, शनिवारी भाजी आणायलाही तीच निघते. मॉडेल ए चे मूळ ब्रेक सळ्यांवर चालायचे. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले ते 1939 च्या मॉडेलपासून, म्हणून बहुतेक हॉट रॉडवाले (जुन्या गाड्या बदलून वेगवान करणारे) 1939 ते 48 चे ड्रम ब्रेकच पुढे लावतात. माझेही तेच होते. मग टरलॉकच्या जुन्या सामानाच्या बाजारात एका स्प्रिंट कारमधून (मातीच्या छोट्या ट्रॅकवरच्या रेसच्या गाडीतून) निघालेली, गोल पॅडची डिस्क ब्रेकची जोडी दिसली आणि पाय तिथेच थांबले. टेड हॅलिब्रँडच्या कारखान्याने असे स्पॉट ब्रेक (छोट्या गोल पॅडचे डिस्क ब्रेक) इंडियानापोलिसच्या आणि स्प्रिंटच्या गाड्यांसाठी केले. तो काळ हातात धरायला मिळत होता.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. हे ब्रेक ज्या गाडीसाठी बनले, ती दर शर्यतीनंतर उघडली जायची. तुमची गाडी महिनाभर शेडमध्ये उभी राहील आणि मग थंड ब्रेकवर सिग्नलला थांबेल. पुढचं सगळं काम या फरकासाठी आहे.

कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उघडण्याआधी ओलं फडकं घ्या. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेलं तर घातक) असण्याची शक्यता धरूनच चला. हवेच्या पाइपने धूळ उडवायची नाही. कॅलिपर मॅग्नेशियमचे असतील तर ग्राइंडर अजिबात लावू नका, त्याचा कीस पेटतो आणि पाण्याने विझत नाही. माझे ॲल्युमिनियमचे निघाले. तडे दिसण्यासाठी लाल रंगाची पेनेट्रंट चाचणी (तड्यात शिरणाऱ्या रंगाची) केली, मग सिलिंडरच्या आतून नख फिरवलं. एका सिलिंडरमध्ये नख अडकलं. विकणाऱ्याने ‘आतून नवं केलंय’ असं सांगितलं होतं. तो सिलिंडर लेथवर मोठा करून स्टीलची स्लीव्ह बसवावी लागली.

आता सील. माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथेच लागतं. रेसच्या काही जुन्या कॅलिपरमध्ये विमानाचं लाल खनिज तेल वापरत, आणि त्यासाठी नायट्राइल रबराच्या ओ-रिंग असत. त्यात आपलं डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइल ओतलं की ते रबर फुगतं आणि पिस्टन अडकून बसतो. डॉट ऑइलला ईपीडीएम रबर लागतं, आणि ईपीडीएमला खनिज तेल चालत नाही. दिसायला दोन्ही काळीच. म्हणून आधीच्या सगळ्या रिंग फेकून द्या, नव्या ईपीडीएमच्या मागवा, आणि बसवताना ग्रीस न लावता ताजं ब्रेक ऑइलच लावा. इचलकरंजीत आमचे दादा ट्रकच्या ब्रेकचं काम करायचे. सील हातात घेण्याआधी ते साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, ते मी अजून पाळतो.

मग हिशेब. व्हर्नियरने पिस्टन मोजा. माझा 1.75 इंच, म्हणजे क्षेत्रफळ साधारण 2.4 चौरस इंच. आजच्या साध्या गाडीचा 2.5 इंची पिस्टन घेतला तर 4.9, म्हणजे दुपटीहून जास्त. ही कमतरता दाबाने भरून काढायची. पॅडलचं गुणोत्तर 6 ला 1 असेल आणि पायाने 75 पौंड जोर दिला, तर मास्टर सिलिंडरवर (पॅडलने तेल दाबणाऱ्या मुख्य सिलिंडरवर) 450 पौंड येतात. 1 इंच बोअरच्या मास्टरमध्ये त्याचे सुमारे 573 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) होतात, 7/8 इंचात 748. दर पिस्टनमागे 1,380 पौंड की 1,800, इतका फरक पडतो. मी 7/8 घेतला. पॅडल थोडं जास्त खाली जातं, ते मला मान्य आहे. मास्टर दोन सर्किटचाच घ्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ब्रेकना वेगवेगळं तेल देणारा. एकेरी मास्टर जुन्या गाडीत शोभतो खरा, पण एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले.

मास्टर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खाली असेल तर ऑइल उतरून परत येतं आणि पहिलं पॅडल रिकामं जातं. पुढच्या लाइनमध्ये 2 पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा) घाला. मागे मी ड्रमच ठेवले, तिथे 10 पीएसआयचा. ड्रम ठेवण्याचं मुख्य कारण हँडब्रेक. रेसच्या या कॅलिपरना तो नसतो. डिस्कसाठी वाढवलेल्या दाबाने मागची चाकं आधी अडकतात, म्हणून मागच्या लाइनमध्ये फिरवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी करणारा) हवाच.

कॅलिपर धरणारं ब्रॅकेट आधी पुठ्ठ्याचं कापा. 1942 ते 48 च्या स्पिंडलवर (ज्यावर पुढचं चाक फिरतं त्या भागावर) बॅकप्लेटची, म्हणजे ड्रम ब्रेकच्या मागच्या पत्र्याची, चार भोकं असतात, तीच वापरा. स्पिंडलला नवं भोक पाडू नका. रिम बसवून चाक हाताने फिरवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, होज कुठे घासतोय का पाहा. कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घाला. बेअरिंग नीट आवळून डायल गेज लावा. डिस्कचं फिरतानाचं डोलणं 0.004 इंचाच्या आत आणा, नाहीतर डोलणारी डिस्क पॅडला मागे ढकलते आणि पुढच्या वेळी पॅडल खोल जातं. माझ्या डिस्कचं 0.011 होतं. डिस्क निर्दोष होती, हबच्या तोंडावर गंजाची पापडी होती.

पाइप 3/16 इंची स्टीलचे. साध्या फिटिंगला 45 अंशांचा दुहेरी फ्लेअर (पाइपचं पसरवलेलं तोंड), रेसच्या फिटिंगला 37 अंशांचा. दोन्ही एकत्र आवळले तर आज टिकतील, उद्या गळतील. हवा काढताना ब्लीडर (हवा सोडायचा स्क्रू) वरच्या टोकाला आहे ना ते पाहा. माझे कॅलिपर डावे-उजवे उलटे लागले होते आणि अख्खी संध्याकाळ पॅडल स्पंजासारखं लागत होतं.

शेवटी रिकामा रस्ता. पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून ताशी 30 मैलांवरून 5 पर्यंत दहा वेळा ब्रेक हळू दाबा, मध्ये थंड होऊ द्या. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ताशी 20 मैलांवरून 25 फुटांत थांबावं लागतं. खडूने अंतर आखून मी ते मोजलं, मागचा व्हॉल्व्ह अर्धा फेरा कमी केला, पुन्हा मोजलं. मग प्रत्येक चाकाखाली वर्तमानपत्राचा एक कागद टाकून गाडी रात्रभर उभी केली. सकाळी चारही कागद कोरडे होते.