पेटी ठेवण्याआधी फुलांकडे बघा

मी मधपाळ. नव्या जागी पेट्या न्यायच्या असल्या की आधी रिकाम्या हातांनी जातो आणि सकाळी एखाद्या फुललेल्या झुडपापाशी बसतो. तुम्हीही बसा. पाळीव मधमाश्यांखेरीज कोण कोण येतं ते बघा: पोटाखालच्या केसांत पराग माखलेली, पानाचे गोल तुकडे कापून नेणारी माशी, किंवा फुलाला लटकून अंग थरथरवत पराग झाडून घेणारा भुंगा. पानं कापणाऱ्या माशीसारख्या बहुतेक रानमाश्या एकट्याच राहतात. मादी स्वतःच बीळ करते, स्वतःच पराग आणते आणि बहुधा काहीशे मीटरच्या आतच फिरते. आपल्या माश्या दोन-तीन किलोमीटर सहज जातात आणि चांगली फुलं सापडली की नाचून पोळ्यातल्या बाकीच्यांना पत्ता देतात.

एकाच फुलांच्या परागासाठी आपल्या माश्या आणि रानमाश्या यांच्यातली ही ओढाताण केवढी असते? केन आणि टेपेडिनो या मधमाशी-अभ्यासकांनी २०१७ मध्ये हिशेब मांडला होता: पाळीव मधमाश्यांची एक जोमदार वसाहत तीन महिन्यांत जेवढा पराग आणते, त्यात एकट्या राहणाऱ्या माश्यांची सुमारे एक लाख पिल्लं वाढली असती. म्हणून पेट्या किती ठेवायच्या हे मधाच्या हावेवर नाही, फुलोऱ्यावर ठरवा.

भर फुलोऱ्यातल्या पिकात पेट्या खुशाल लावा, तिथे सगळ्यांना पुरतं. फुलोरा सरला की मात्र लगेच हलवा. खरी चणचण तेव्हाच असते. पेट्या तशाच राहिल्या तर आपल्या माश्या बांधावरच्या आणि माळावरच्या उरल्यासुरल्या फुलांवर तुटून पडतात. साखरेचा पाक दिला म्हणजे भागलं असं समजू नका. पाकात पराग नसतो, त्यासाठी त्या बाहेर जाणारच. राखीव रान किंवा जुना माळ असेल तर निदान एक किलोमीटर लांब राहा, जमलं तर त्याहूनही जास्त.

दुपारच्या आत परागकोश झाडलेले, कोरडे दिसू लागले आणि सकाळी दिसलेल्या रानमाश्या दिसेनाशा झाल्या, तर पेट्या कमी करा. एकदा बघून निर्णय घेऊ नका, दोन-चार दिवस बघा. पाऊस-वाऱ्यानेही असं होतं.

आजारी वसाहत तर नेऊच नका. पंख वाकडे करणारा विषाणू फुलांवरून रानमाश्यांपर्यंत पोचू शकतो.

आणि पेट्यांभोवतीची जमीन साफसूफ करायचा मोह आवरा. मोकळ्या, न नांगरलेल्या मातीत बहुतेक रानमाश्यांची बिळं असतात, काहींची पोकळ वाळक्या काड्यांत. तेवढा तुकडा तसाच सोडा.