माणदेशच्या माळावर साप-सरडे कसे शोधावेत

रखरखीत प्रदेशात तंबू ठोकून साप-सरडे पाहण्याची हौस असणाऱ्याने त्यासाठी राजस्थानच गाठले पाहिजे, असे मुळीच नाही. ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, त्याच जिल्ह्याचे माण-खटाव आणि शेजारच्या सांगली जिल्ह्याचे आटपाडी, जत हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत कोरडे राहतात. मुरमाड जमीन, कुसळी गवत, बोरी-बाभळी, दगडी ताली (शेताचे बांध) आणि वारुळे, एवढे सरपटणाऱ्या प्राण्यांना पुरते. आपल्याला ते दिसत नाहीत, याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: आपण चुकीच्या वेळी माळावर जातो.

या प्राण्यांच्या शरीराची ऊब बाहेरच्या उन्हावर अवलंबून असते. त्यामुळे मार्च ते मे या महिन्यांत सरडे आणि सापसुरळ्या साधारणतः सकाळी आठ ते अकरा या वेळात पाहाव्यात. भर दुपारी सगळेच सावलीत किंवा बिळात असतात. बहुतेक साप या दिवसांत दिवेलागणीनंतर हिंडतात, आणि वळवाची सर येऊन गेलेली संध्याकाळ मिळाली तर त्याहून चांगला मुहूर्त नाही. थंडीत मात्र हा क्रम उलटतो आणि ऊन चढल्यावरच काही दिसण्याची शक्यता असते.

सुरुवात सरड्यांपासून करावी, आणि त्यासाठी वाट वाकडी करून साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर एक सकाळ अवश्य काढावी. उन्हाळ्यात तेथील नर सरडा दगडाच्या माथ्यावर चढून गळ्याखालचा निळा, काळा आणि नारिंगी पंखा उघडतो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्याचे स्वतंत्र जाती म्हणून वर्णन केले आणि त्याच्या प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, आपल्या मराठीतलाच ‘सरडा’ हा शब्द नाव म्हणून दिला, याचा मला मनापासून आनंद वाटतो. त्याला पाहण्यासाठी मागे धावू नये. दुर्बीण घेऊन एका जागी पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ बसले की तो पुन्हा आपल्या दगडावर येतो. मादी मातकट रंगाची असल्याने सहजी दिसत नाही.

माळावर मुक्काम करण्यापूर्वी जमिनीच्या मालकाला किंवा गावात विचारावे. सागरेश्वरसारख्या अभयारण्यात आणि वनखात्याच्या जमिनीवर परवानगीवाचून रात्री थांबू नये. तंबू ताली, वारूळ आणि निवडुंगाच्या कुंपणापासून दूर, मोकळ्या जागी लावावा. त्याची चेन सदैव बंद असावी, कारण मण्यार झोपेत चावते आणि पुष्कळदा तो दंश जाणवतही नाही.

रात्री किमान दोघांनी, घोट्याच्या वर येणारे बूट आणि जाड पँट घालून, डोक्याला बांधायची बॅटरी लावून निघावे. प्रकाश डोळ्यांच्या उंचीवरून पडला की पालींचे डोळे दुरूनही चमकतात. सापाचे डोळे तसे चमकत नाहीत, म्हणून त्याच्यासाठी जमीन वीतभर वीतभर वाचावी लागते. गाडीवाटेच्या मऊ फुफाट्यात माग शोधावेत. एकामागून एक तिरक्या, सुट्या रेघा दिसल्या तर तेथून फुरसे गेले आहे असे समजावे, कारण ते अंग आडवे टाकत चालते. हा साप लहान असतो, मातीत बेमालूम मिसळतो आणि दगडाच्या कडेला वेटोळे घालून बसतो. डिवचल्यास खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतो. तो आवाज आला की जागच्या जागी थांबावे, साप नेमका कोठे आहे हे बॅटरीने पाहावे आणि मगच मागे सरावे. न दिसणाऱ्या जागी हातपाय घालू नयेत, हा एकच नियम पाळला तरी बहुतेक अपघात टळतात.

दगड उलथण्याचा मोह अनेकांना होतो. माझ्या मते उन्हाळ्यात ते करूच नये. एका दगडाखालचा ओलावा हाच एखाद्या पालीचा संपूर्ण आसरा असतो. इतर वेळी उलथायचाच असेल तर काठीच्या आकडीने पलीकडची कड उचलून दगड आपल्याकडे कलवावा, म्हणजे तो आपल्यात आणि प्राण्यात आड राहतो. नंतर तो होता तसाच बसवावा. कोणताही प्राणी पकडू नये. घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिलेले आहे.

निघण्यापूर्वी जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पविषावरील लस उपलब्ध आहे, हे फोन करून विचारून ठेवावे. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर चालते, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्याची गरज नसते. दंश झाल्यास अंगठी, घड्याळ काढावे, तो हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. जखम कापू नये, चोखू नये, वर घट्ट दोरी आवळू नये आणि मांत्रिकाकडे जाण्यात एक मिनिटही दवडू नये.

पाहिलेल्या प्रत्येक प्राण्याची वेळ, हवा आणि जागा वहीत लिहावी. मांडूळ दिसले तर मात्र त्याचे ठिकाण कोणालाही सांगू नये आणि छायाचित्रासोबत जाणारी स्थाननोंद आधी बंद करावी. गुप्तधनाच्या खुळापायी त्याची चोरटी विक्री होते.